शिंपीमामांच्या दारातली झाडं

आमच्या गल्लीतल्या शिंपीमामांचं झाडांशी उभं वैर. झाडांची दाटी अशी की मशीनवर भरदुपारी दिवा लावावा लागतो. एकदा तर निळ्या खडूची रेघ समजून त्यांनी फांदीच्या सावलीवरून कात्री चालवली. गुरुजींच्या सदऱ्याची एक बाही तेव्हापासून आखूड आहे.

शेवटी लेकीने त्यांना आपल्या नव्या वसाहतीत नेलं. तिथे उजेड भरपूर, झाड औषधालाही नाही. गिऱ्हाइकं कापड टाकायची आणि उन्हाच्या धाकाने पळायची. महिनाभरात मामा मशीनसकट परत आले. मागोमाग लेक त्यांना न्यायला हजर.

"बाबा, उजेड हवा होता ना तुम्हाला?"

"होता गं. पण तिकडे माणूस दारात थांबत नाही."

"इथे थांबून काय दिवे लावतात? नुसत्या चकाट्या, आणि तुमची कामं रखडतात!"

"रखडतात खरी," मामा समाधानाने म्हणाले. "बस जरा, घाम पूस."

लेक दोन मिनिटं म्हणून झाडाखालच्या बाकावर टेकली. शेजारच्या काकू आल्या, मग गुरुजी आले. ती उठली तेव्हा अंधारून आलं होतं, आणि बाबांना न्यायचं राहूनच गेलं होतं.