ओल्या कापसाचं कौतुक

गेल्या मंगळवारी माझ्या गोड बोलण्यामुळे एका शेतकऱ्याला उतरवलेला कापूस पुन्हा गाडीत भरावा लागला. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही... म्हणून लिहितो.

मी यवतमाळजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, गेटवर कापूस पाहतो. शाळा सातवीपर्यंत झाली. पण गाडीत कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस काढायचा, त्यातली सरकी दाताखाली धरायची... कोरडी असली की कट् वाजते, ओली असली की नुसती दबते. यात सहसा चूक होत नाही.

गेटच्या आत गेलं की कापूस ओट्यावर उतरवतात आणि मग मशीन लावून ओलावा बघतात. तिथे नापास झाला की सगळा माल शेतकऱ्यानेच परत भरायचा. म्हणून जे काय असेल ते मी गेटवरच सांगतो. शेतकरी दोन शिव्या देतो, पण गाडीची दोरी न सोडता घरी जातो. इतकी वर्षं असंच चाललं.

सोमवारी आमचं ट्रेनिंग झालं. नागपूरहून एक मॅडम आल्या होत्या. विषय होता, आपलं ध्येय कसं ठरवायचं आणि कामाच्या ठिकाणी लोकांशी खरेपणाने कसं बोलायचं.

मॅडम वाईट नव्हत्या. ध्येय मोजता आलं पाहिजे, असं त्या म्हणाल्या, ते मला पटलंसुद्धा. पण पुढे म्हणाल्या, मनापासून बोला... आणि मनापासून काय बोलायचं त्याची छापील कार्डं वाटली. आता मन माझं आणि वाक्यं त्यांची, हा कुठला खरेपणा?

त्यांची रीत अशी, की कुणाची उणीव सांगायची तर आधी कौतुक, मग उणीव, मग पुन्हा कौतुक. याला सँडविच म्हणतात म्हणे. शेवटी प्रत्येकाने कागदावर आपलं ध्येय लिहून मॅनेजर साहेबांकडे द्यायचं होतं.

माझं काम हंगामापुरतं आहे. या वयात पुढच्या वर्षी बोलावतील की नाही, ही धाकधूक रोजचीच. म्हणून मी शेजारी बसलेल्या वजनकाटेवाल्याच्या कागदावरून सरळ उतरवून काढलं... 'मी नेहमी सकारात्मक बोलीन.' स्वतःचं ध्येय मी दुसऱ्याचं बघून लिहिलं. यासाठी मला मॅडमपेक्षा माझाच राग जास्त येतो.

मंगळवारी बोरी अरब गावाकडचा देवराव पिकअप घेऊन आला, सोबत त्याची बायको शोभाबाई. दरवर्षीचा माणूस. मी सरकी दाताखाली धरली, ती दबली. मॅनेजर साहेब मागेच उभे होते, म्हणून मी कार्डासारखं बोललो. कापूस पांढराशुभ्र आहे, वेचणी स्वच्छ आहे... जरा दमट वाटतो... पण एकंदरीत माल छान आहे.

"बस काका, तुमी म्हनलं त झालं," म्हणत देवरावने गाडी आत घेतली. माझ्या तोंडून 'छान' त्याने कधी ऐकलंच नव्हतं. मी छान म्हटलं म्हणजे पास, असंच त्याने धरलं.

ओट्यावर व्हायचं तेच झालं, मशीनने माल नापास केला. नवरा-बायको भर उन्हात सगळा कापूस परत भरत होते. मला राहवेना, मी जाऊन एक गाठोडं उचललं, तर देवरावने ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"राहू द्या काका, तुमी गेटवर जा. अजून कोनाले चांगलं म्हनाचं राह्यलं असन."

"त्याइले काहून बोलता?" शोभाबाई म्हणाली. "काकाले गोड बोलाची ट्रेनिंग भेटली ना."

ते लागलं... मी तसाच गेटवर परत गेलो.

बुधवारी बीपीची गोळी घेऊन मॅनेजर साहेबांकडे गेलो आणि माझा कागद परत मागितला. आधीचं खोडून खाली लिहिलं... 'उणीव आधी सांगीन. मी आत सोडलेली एकही गाडी परत भरावी लागू नये.'

साहेबांनी वाचलं. "काका, हे जरा निगेटिव्ह वाटते."

"पण मोजता येते, साहेब," मी म्हणालो. त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला. पुढच्या वर्षीचं काय, ते काही बोलले नाहीत... मीही विचारलं नाही.

काल देवराव परत आला. मला हाक मारली नाही. ताडपत्री सोडली आणि नुसता बाजूला उभा राहिला. मी वरचा पाहिला, मग पार तळापर्यंत हात घातला.

"देवराव, बुडाचा अजून वला हाय. तो घरी ने, दोन दिवस उनात टाक. वरचा चालते."

त्याने स्वतः बुडात हात घालून पाहिला. गाडीतून शोभाबाईच बोलली, "म्या सकायीच म्हनलं होतं यायले. पन बायकोचं आयकन कोन?"

देवराव हसला नाही. त्याने खाली चादर अंथरली, ओला कापूस वेगळा काढायला घेतला आणि चादरीचं एक टोक माझ्याकडे केलं. "धरा, काका."

मी धरलं. मंगळवारी त्याने मला तोंडावर सुनावलं, मागे जाऊन चार लोकांत नाही. त्याबद्दल त्याचे आभार मानायचे काल राहूनच गेले... तो मोबाईल बघत नाही. शोभाबाईच्या मोबाईलवर हे पोचलं, तर तिने त्याला वाचून दाखवावं.