डोंगराचं दार

पोळ्यानंतरचा पहिला रविवार, सकाळ. हजर: मामी, त्यांची मुलगी शोभा, गवंडी खाजाभाई आणि मी. मामांना जाऊन सव्वा महिना झाला होता, आणि त्यांनी बांधलेली कमान पाहायला मामी आयुष्यात पहिल्यांदा डोंगर चढत होत्या.

भोकरकडून येताना ही कमान लांबूनच दिसते. उघड्या माथ्यावर काळ्या दगडांची एकटी कमान. मागे भिंत नाही, देऊळ नाही, काहीच नाही. कंडक्टर तिच्या नावाने थांबा पुकारतात, नवी जोडपी तिच्याखालून जाऊन येतात. मामा आणि खाजाभाई कित्येक उन्हाळे तिच्यासाठी खपले. वर येणाऱ्याने आपल्या बांधावरचा एक दगड आणायचाच, हा मामांचा नियम. मला बांध नाही, तर मी नांदेडहून पिशवीत घालून नेला! "मामा, हिचा उपयोग काय?" मी एकदा विचारलंच. "डोंगराला दार नव्हतं गं. आता हाय." कुणी नारळ फोडायला निघालं की म्हणायचे, "आत देव न्हाई बाबा, वारा हाय. खोबरं पोरांना दे."

मामींचा राग मात्र खरा होता. घराच्या ओसरीसाठी घडवून घेतलेले दगड मामांनी एका दुपारी बैलगाडीत घालून वर नेले. "माझं घर उघडं अन् डोंगराला दार!" म्हणून मामींनी जी पाठ फिरवली, ती फिरवलीच. मामा जेवताना विचारत, "येतीस का वर?" मामी नुसती भाकरी वाढत.

त्या रविवारी मात्र मामी वर पोचल्या. कमानीतून खालचं सगळं रान, तळं, वाड्या... आपल्याच अंगणासारखं समोर पसरलेलं. मामींनी दगडांवरून हात फिरवला. "माझ्या ओसरीचे कोणते?"

"त्ये वरचे, भाभी," खाजाभाई म्हणाले. "मालक म्हणले, तिचे हायत, पायात नको घालू."

मामी मान वर करून बघत राहिल्या... शोभा त्यांचा हात धरून पलीकडे निघाली, तशा त्या थबकल्या.

"उंबरा कुठाय? बिनउंबऱ्याच्या दारातून मी जात न्हाई. बसवा, मग जाते."

उंबऱ्याचा दगड खाजाभाईंनी घडवून दिला आहे. मामींनी उंबरा पुजायला हळदकुंकवाची पुडी काढून ठेवली आहे. वाटेवर अजून चिखल आहे, गाडी चढत नाही. दगड पायथ्याशीच आहे; वर न्यायचा राहिला आहे.