मुकादमसरांचा साक्षीदार

मॅच सुरू व्हायच्या आधी मुकादमसर चपला काढून सगळं मैदान अनवाणी चालायचे. काच, खिळा, खडा, जे पायाला लागेल ते उचलून रुमालात बांधायचे. "पोरांच्या आधी माझ्या पायाला लागू दे," म्हणायचे. रोह्याच्या शाळेत त्यांनीच मला फुटबॉल शिकवला. सरावात स्वतःच शिट्टी घेऊन उभे राहायचे आणि आमच्याच टीमचे फाऊल आधी द्यायचे. आम्ही चिडलो की ठरलेलं उत्तर यायचं, "आपल्याचा फाऊल आधी बोलायचा. मग दुसऱ्याचा मोजायचा."

पुढे मी पेणला कंपनीत लागलो, तिथलाच झालो. सर निवृत्त झाले तरी रोह्याची टीम त्यांच्याकडेच राहिली. चार वर्षांपूर्वी पेणच्या मैदानात पेण विरुद्ध रोहा फायनल होती आणि मी पेणच्या पब्लिकमध्ये, बेंजोवाल्यांच्या शेजारी बसलो होतो. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या. मंडळाच्या कार्यक्रमांत मी यमकं जुळवून लोकांना हसवायचो. रोह्याच्या टीममध्ये सहा मुसलमान पोरं होती. त्यांच्या नमाजावर आणि आयाबहिणींवर मी दोन ओळी जुळवल्या आणि शेजारच्याच्या कानात सांगितल्या. तो खदखदून हसला. पाच मिनिटांत अख्खी बाजू बेंजोच्या तालावर त्या ओळी गात होती. मला मजा वाटली. आज लिहितानाही घाण वाटते, पण तेव्हा मजाच वाटली.

समोरून रोह्याच्या दोन पोरांनी आमच्या देवांवरून तसलंच काहीतरी ओरडून उत्तर दिलं. दगड आले, मॅच थांबली. सरांनी आपल्या त्या दोघांना स्वतः दंडाला धरून पोलिसांपुढे उभं केलं. "यांनी घाण बोललंय. लिहून घ्या. बोला रे, काय बोललात ते." पोरांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं. मग सर म्हणाले, "आता समोरच्यांचं लिहा."

पेणच्या पोलीस ठाण्यात फिर्याद लिहायला एक तरुण महिला पोलीस होती. तिने विचारलं, "नक्की काय म्हणाले, काका?"

"घाण म्हणाले."

"शब्द पायजेत. शब्दांशिवाय कलम कसं लावू?"

"बाय, तू माझ्या लेकीएवढी. तुझ्यासमोर माझ्या तोंडातून ते निघायचं नाय."

"मग लिहून द्या."

"माझ्या हातानं पण नाय. आणि ज्यांच्या आयाबहिणींवर बोलले, त्या पोरांच्या तोंडून पण नाय."

व्हिडिओ खूप होते, पण सगळ्यांत नुसता बेंजोच ऐकू येत होता. सरांनी इकडेतिकडे पाहिलं. गर्दीसोबत आत आलेला मी दाराशी उभा होतो. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "हा सुध्या. माझा पोरगा हाय, मी शिकवलाय. तिथंच बसलेला. हा खरं सांगेल."

मी म्हणालो, "बेंजोत काय ऐकूच नाय आलं."

"बघ, आठव जरा."

"नाय सर. खरंच नाय."

केस फक्त रोह्याच्या त्या दोघांवर झाली. त्यातला एक कंपनीत लागणार होता. पोलीस व्हेरिफिकेशनला केस निघाली आणि कंपनीनं त्याला परत पाठवलं. रोह्याची माणसं सरांना तोंडावर बोलायला लागली, "मास्तरनं आपलीच पोरं दिली, समोरचा एक नाय धरला." टीम त्यांच्याकडून काढून घेतली. मला हे सगळं कळत होतं. मी शिफ्ट करत होतो, जेवत होतो, झोपत होतो.

गेल्या वर्षी ते आजारी असल्याचं ऐकलं आणि रोह्याला गेलो. सरांची बायको, आमच्या चाची, चहा ठेवून आत गेल्या. मी म्हणालो, "सर, त्या ओळी माझ्या होत्या."

त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला. "मला वाटलेलं, तू घाबरलास. घाबरतात माणसं." मग म्हणाले, "म्हण."

"काय, सर?"

"त्या ओळी. आता बेंजो नाय. म्हण."

मी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना.

"हजार जणांत निघालं ना? एकासमोर का नाय निघत?" त्यांना दम लागला. "मला सांगून काय होणार, सुध्या? त्या पोराची केस अजून चाललीय. ठाण्यात जा. त्या बायला सांग."

महिन्याभरात सर गेले. मयतीला मी लांब, मागे उभा राहिलो. त्यानंतरही ठाण्यात जायला मला पाच महिने लागले.

ती महिला पोलीस अजून तिथंच होती. तिने कागद पुढे ओढला. "शब्द सांगा." मी पहिली ओळ सांगितली. लिहिता लिहिता तिचा हात थांबला. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, खुर्ची थोडी मागे सरकवली आणि पुन्हा पेन टेकवलं.

"पुढचं बोला," ती म्हणाली.