आग्नेलचा तळहात

"बिघडायच्या आधी मशीन तापतं, टीचर. थंड आहे तोवर घाबरायचं नाही." आग्नेल हे इतक्यांदा म्हणायचा की जुलियाना टीचरना ते पाठ झालं होतं.

वालीवच्या कारखान्यात पंधरा वर्षं लेथ चालवलेला हा माणूस कॉम्प्युटर स्वतःच शिकला होता. होळी गावात कुणाचा कॉम्प्युटर अडला की आग्नेलची सायकल दारात उभी.

दोन हजार साली टीचरनी आईने गायलेल्या लग्नगीतांच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या. आईला जाऊन सहा वर्षं झालेली, टेपला बुरशी लागलेली. एकदा वाजवली की तुटायची. आणि एका गाण्याची फाईल बनवायला कॉम्प्युटर पाऊण तास घ्यायचा.

"प्रोसेसरचा वेग वाढवून देतो," आग्नेल म्हणाला.

"स्फोट नाही ना होणार रे?"

"तुम्ही मला एकोणतीसचा पाढा शिकवला, मी तुमचं घर उडवीन?"

"म्हणून तर विचारते. तो तुला कधी आलाच नाही!"

त्याने काम मात्र जपून केलं. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात खाचा पाडून प्रोसेसरवर बसवला, वर मोठा पंखा लावला. व्होल्टेजला हात लावला नाही. प्रोसेसर ज्या तालावर चालतो तो बोर्डाचा ठोका सहासष्ट मेगाहर्ट्झचा पंच्याहत्तर केला, तासभर चालवून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्र्याऐंशी. दर वेळी पोराचा ताप बघावा तसा ठोकळ्यावर तळहात ठेवायचा. थंडगार!

तीन आठवड्यांत सगळी गाणी उतरली. तुटक्या टेप टीचरनी टाकून दिल्या.

मग एके दिवशी गाण्यांच्या जागी नुसती खरखर वाजू लागली. आग्नेलने ठोका पुन्हा सहासष्टवर आणला, दोन दिवस खटपट केली. शेवटी खाली बघत म्हणाला, "ठोका वाढवला तो प्रोसेसरपुरताच, असं मी धरलं. हार्डडिस्कही त्याच्याच मागे पळत होती. धापा टाकत चुकीचं लिहीत गेली. आणि टीचर, ती तापलीच नाही."

"एकही गाणं नाही?"

"एकात सुरुवातीचा खोकला आहे. तुमच्या आईचाच असावा."

"लाव."

आई खोकली. मग खरखर.

टीचरनी आयुष्यभर पोरांचे कान पिळले होते. या पोराचे केस पिकले होते. ओरडावं तरी कुणावर?

आग्नेल उठला. सायकलवर न बसता, ती हातात धरून भाजीच्या वाफ्यांमधून चालू लागला. 'तुझा दोष नाही' एवढं म्हणायला टीचर ओट्यापर्यंत आल्या. वळणापलीकडे तो दिसेनासा होईपर्यंत त्या ओट्यावरून बघत राहिल्या.