खर्रा कोण चांगला घोटते?

आमच्या टीमसोबत एक दिवस फिरलं तरी चार किस्से जमतात, आणि कोणाला सांगितल्याशिवाय मला जेवण जात नाही!

आम्ही सावली तालुक्यातल्या एका गावात खर्र्याचा अभ्यास करतो. सुपारी-तंबाखू घोटून केलेला हा खर्रा इथं घरोघरी चालतो. संशोधक गावातलीच कॉलेजची पोरं. प्रश्न त्यांनीच ठरवायचे, निष्कर्षही त्यांनीच काढायचे; मी त्यांचा सर, फक्त मदतीला.

पहिल्याच घरी बाईंनी पाहुणचार म्हणून पुढे केला खर्रा! नाही म्हटलं तर अपमान. टीममधल्या निखिलनं हात जोडले, "बाई, आज उपास हाये."

"उपासाले चालते जी!"

मग प्रश्नांची गंमत. नमुना म्हणून मी लिहून दिलेला एक प्रश्न होता, "आपण तंबाखूजन्य पदार्थांचं सेवन करता का?" सगळं गाव म्हणालं, "नाई!" टीमची लीडर पल्लवी वैतागली. "सर, हा प्रश्न माह्यावर सोडा." पानठेल्यावर जाऊन तिनं विचारलं, "गावात खर्रा कोण चांगला घोटते?" अहो, भांडणच लागलं! शेवटी एकमतानं नाव ठरलं, मारोतीभाऊ. पल्लवीनं ते नाव वहीत लिहिलं. मारोतीभाऊ तिचे वडील.

पुढे तोंडाची तपासणी, कारण खर्र्यानं तोंड उघडणं कमी होत जातं. आपलीच तीन बोटं उभी तोंडात गेली तर बरं, नाहीतर डॉक्टरकडे जायचं. एका आबाजींची चार गेली! निखिल खूश. आबाजी म्हणाले, "दातच नाईत बाबू, जागाच जागा हाये."

गाव झालं, पल्लवीचं घर तेवढं राहिलं. मारोतीभाऊंना हल्ली तिखट सोसत नव्हतं, घास मोठा घेता येत नव्हता. "बाबाले तोंड उघडा कसं म्हणू, सर? लय रागावते," म्हणताना तिचे डोळे भरून आले.

ग्रामसभेत पल्लवी माइकवर निष्कर्ष सांगत होती. मागून मारोतीभाऊ उठले.

"साऱ्या गावाचं तोंड पाह्यलं. माह्या घरी काऊन नाई आली?"

पल्लवीनं माइक खाली ठेवला. भाऊ पुढे आले आणि सगळ्यांसमोर बोटं तोंडात घातली. दोन गेली. तिसरं काही केल्या जाईना.

त्यांनी खिशातली खर्र्याची पुडी काढून टेबलावर ठेवली.

"उद्या दवाखान्यात चाल माह्यासंगं. अन् लिवून घे पोरी, घोटण्यात आता दुसऱ्याचा नंबर पह्यला!"