प्रचाराच्या कापडाची गोधडी

उन्हात तापलेल्या गोधडीच्या वासानं मला आणीबाणीनंतरची निवडणूक आठवते. “माझ्या पक्षाला मत दिलं न्हाईस तर माहेरी धाडीन,” असं सासऱ्यांनी मला बजावलं होतं. पुढं हिवाळ्यात मी जुन्या जालन्याच्या बाजारातून दोन्ही पक्षांचे वापरलेले कापडी फलक स्वस्तात आणले आणि गोधडी शिवली. दोरीवर ती हलली, की उलटी अक्षरं पाण्यात पोहल्यासारखी दिसायची. सासरे म्हणाले, “विरोधकाचं कापड वरून कसं गं? मत तरी बराबर दिल्तं ना?” मी म्हटलं, “जाड हाय ते वर घेतलं, मामंजी. थंडी बिलकुल लागायची न्हाई.” रात्री ते तीच गोधडी हनुवटीपर्यंत ओढून निजले. मत कुणाला दिलं, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.