महिपतचं तोंड

१९८४ साली आमच्या गावच्या मुंबईतल्या ग्राममंडळाने वर्गणी काढून महिपतची दारू सोडवली. तो बरा होऊन गावी आल्यावर काम देण्याचं मी, चिरेखाणीचा मुकादम, कबूल केलं होतं. पण रोज सकाळी सगळ्यांदेखत त्याचं तोंड हुंगून मगच टिकाव हातात द्यायचो. सहा महिने तो प्यायला नाही आणि त्याच्याइतका सरळ चिरा कोणी काढत नव्हतं.

एका दुपारी त्याची बायको राही भाकरी घेऊन आली होती. मी विडीसाठी काडी मागायला गेलो. मला पाहताच त्याने घास गिळून तोंड उघडलं.

“अवो, ह्ये काय?” राहीने विचारलं.

“मुकादम हुंगतात. रोजचंच हाय.”

काडी हवी होती, एवढंही मला सांगवलं नाही. मी वाकून हुंगलं. कांद्याचा वास आला.